बोर्लीची जोगीण : एका इंग्रज खेड्यातील भूतकथेची ऐतिहासिक चिकित्सा

१. प्रास्ताविक

भूतकथा हा इतिहासाच्या अभ्यासकाने दखल घ्यावी असा विषय आहे काय, असा प्रश्न प्रथमदर्शनी उपस्थित होणे स्वाभाविक आहे. इतिहास पुराव्यावर उभा राहतो, तर भूतकथा श्रद्धेवर, भयावर आणि ऐकीव गोष्टींवर. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सामाजिक इतिहासाच्या कक्षा जसजशा रुंदावत गेल्या, तसतसे लोकसमजुतींचे महत्त्व इतिहासकारांच्या ध्यानी येऊ लागले. कीथ थॉमस यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सोळाव्या व सतराव्या शतकांतील इंग्लंडमधील जादूटोणा, ज्योतिष, भविष्यकथन आणि भुतांवरील विश्वास यांचा साक्षेपी अभ्यास केला. २००७ साली ओवेन डेव्हिस यांनी भुतांचा स्वतंत्र सामाजिक इतिहास लिहिला. भूत खरे की खोटे, हा या अभ्यासकांपुढील मुख्य प्रश्न नव्हता. विशिष्ट काळातील माणसांना विशिष्ट प्रकारचे भूत का दिसते आणि त्याची कथा कोण, कशासाठी सांगतो, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते.

प्रस्तुत निबंधात इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील बोर्ली या लहानशा खेड्याचा विचार केला आहे. या खेड्यातील रेक्टरी, म्हणजे अँग्लिकन धर्मगुरूचे निवासस्थान, 'इंग्लंडमधील सर्वाधिक झपाटलेले घर' म्हणून जगभर ओळखली गेली. ती इमारत १९४४ साली पाडण्यात आली. परंतु तिची कीर्ती ओसरली नाही. बोर्लीच्या उदाहरणाचे वैशिष्ट्य असे की, तेथील भूतकथेच्या जडणघडणीचा जवळजवळ प्रत्येक टप्पा कागदोपत्री नोंदलेला आहे. दंतकथेला 'पुरावा' कसा प्राप्त होतो आणि तो पुरावा पुढे इतिहासाची जागा कशी घेतो, याचा इतका स्पष्ट आलेख क्वचितच हाती लागतो.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) बोर्लीच्या भूतकथेचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) या कथेच्या साधनांची बाह्य व अंतर्गत चिकित्सा करणे.
३) कथेच्या निर्मितीमागील धार्मिक, आर्थिक व सामाजिक कारणांचा शोध घेणे.
४) स्थानिक इतिहासलेखनाच्या दृष्टीने या उदाहरणाचे महत्त्व स्पष्ट करणे.

हा अभ्यास प्रकाशित साधनांवर आधारलेला असून त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. बोर्ली : गाव आणि त्याचा लेखी इतिहास

बोर्ली हे स्टूर नदीच्या खोऱ्यात, एसेक्स आणि सफक या परगण्यांच्या सीमेवर वसलेले गाव आहे. सर्वांत जवळचे बाजाराचे गाव म्हणजे नदीपलीकडील सडबरी. शेती हाच येथील परंपरागत व्यवसाय. गावात जुने दगडी चर्च असून त्याचा काही भाग मध्ययुगीन आहे.

भुतांच्या गदारोळात सहसा विसरली जाणारी एक गोष्ट येथे नमूद करणे आवश्यक आहे. इंग्लंडच्या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांना बोर्ली हे नाव फार पूर्वीपासून परिचित आहे. १३०८ साली तयार झालेली बोर्लीच्या जहागिरीची तपशीलवार नोंद उपलब्ध आहे. जमीनदाराचा वाडा, शेतजमीन, कुरणे, गिरणी, कुळांच्या जमिनी, त्यांनी द्यावयाचा खंड आणि करावयाची वेठ यांची मोजदाद तीत आढळते. मध्ययुगीन जहागिरी पद्धती कशी चालत असे, हे विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी ही नोंद इंग्रजी अनुवादात वारंवार वापरली गेली आहे. म्हणजेच बोर्लीला खरा, लेखी आणि मोलाचा इतिहास आहे. परंतु आज सामान्य वाचकाला बोर्ली म्हटले की तो इतिहास आठवत नाही, भूत आठवते.

गावाच्या चर्चमध्ये वॉल्डग्रेव्ह घराण्याचे भव्य समाधिस्मारक आहे. सर एडवर्ड वॉल्डग्रेव्ह हे कॅथलिक राणी मेरी हिच्या दरबारातील मातब्बर गृहस्थ होते. एलिझाबेथ राणी गादीवर आल्यानंतर कॅथलिक मिस्सा चालविल्याच्या आरोपावरून त्यांना कैद झाली आणि १५६१ साली लंडनच्या टॉवरमध्ये त्यांचा मृत्यू झाला. प्रॉटेस्टंट झालेल्या गावातील चर्चमध्ये एका कॅथलिक घराण्याचे स्मारक उभे असावे, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

४. जोगिणीची दंतकथा

बोर्लीच्या भूतकथेचे केंद्र म्हणजे एक जोगीण, अर्थात ख्रिस्ती मठातील नन. दंतकथा अशी : सुमारे १३६२ साली बोर्ली येथे बेनेडिक्टाइन संन्याशांचा मठ होता. त्या मठातील एक संन्यासी आणि जवळच्याच मठातील एक जोगीण यांचे प्रेम जडले. दोघे घोडागाडीतून पळून जात असता पकडले गेले. संन्याशाला देहान्त शासन झाले आणि जोगिणीला भिंतीत जिवंत चिणून मारण्यात आले. तेव्हापासून ती जोगीण त्या परिसरात फिरते आणि कधी कधी बिनमुंडक्याच्या सारथ्यांनी हाकलेली घोडागाडीही रस्त्यावरून धावताना दिसते.

या कथेची अंतर्गत चिकित्सा केली असता तिचे दोष लगेच ध्यानात येतात. पहिला दोष कालविपर्यासाचा. प्रवासाची बंदिस्त घोडागाडी इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर प्रचारात आली. चौदाव्या शतकातील प्रेमिकांना ती मिळणे शक्य नव्हते. दुसरा दोष शिक्षेविषयीचा. मठ सोडून गेलेल्या जोगिणीला परत आणून प्रायश्चित्त देणे ही मध्ययुगीन चर्चची रीत होती. जिवंत चिणून मारण्याची शिक्षा इंग्लंडमध्ये रूढ असल्याचा आधार मिळत नाही. तिसरा आणि निर्णायक दोष असा की, बोर्ली येथे असा मठ मुळात नव्हताच. या दंतकथेला ऐतिहासिक आधार नसल्याचे १९३८ साली स्पष्ट झाले.

मग जिवंत चिणलेली जोगीण आली कोठून? तिचा उगम साहित्यात शोधावा लागतो. वॉल्टर स्कॉट यांच्या १८०८ सालच्या 'मार्मियन' या दीर्घकाव्यात असा प्रसंग आहे. रायडर हॅगर्ड यांच्या 'माँटेझुमाज डॉटर' या १८९३ सालच्या कादंबरीतही भिंतीत चिणण्याचा प्रसंग आहे. तो घडतो मात्र स्पेनमध्ये. ही पुस्तके सुशिक्षित इंग्रज घरांतून आवडीने वाचली जात. बोर्लीच्या रेक्टरीत वाढलेल्या मुलांनी ती किंवा तत्सम कथा वाचल्या अथवा ऐकल्या असाव्यात आणि घरच्या भुताला त्यातूनच चरित्र मिळाले असावे, हे अनुमान अनेक अभ्यासकांनी मांडले आहे आणि ते ग्राह्य वाटते.

५. रेक्टरी आणि तिचे रहिवासी

बोर्लीची रेक्टरी ही काही प्राचीन वास्तू नव्हती. रेव्हरंड हेन्री डॉसन एलिस बुल यांनी १८६२ साली बोर्लीचे रेक्टरपद स्वीकारल्यानंतर ती तांबड्या विटांची प्रशस्त इमारत उभारली. त्यांना चौदा अपत्ये झाली आणि कुटुंबाबरोबर घरही वाढत गेले. मध्यभागी चौक आणि भोवती खोल्या अशी तिची रचना झाली. १८९२ साली त्यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र हॅरी बुल रेक्टर झाले आणि १९२७ साली मृत्यू येईपर्यंत ते त्या पदावर राहिले. म्हणजे ६५ वर्षे हे घर एकाच कुटुंबाकडे होते. पितापुत्र दोघांनाही भूतकथांची आवड होती. बागेत जोगिणीच्या वाटेकडे तोंड करून एक बैठकीचे छोटे घर बांधण्यात आले होते, यावरून हे भूत त्या कुटुंबाला भीतीपेक्षा कौतुकाचा विषय असावे, असे दिसते.

२८ जुलै १९०० रोजी सायंकाळी रेव्हरंड बुल यांच्या मुलींना बागेत जोगिणीची आकृती दिसली, ही बोर्लीच्या कथेतील सर्वांत प्रसिद्ध घटना. या घटनेची सविस्तर निवेदने मात्र १९२९ व त्यानंतरची आहेत. घटना आणि निवेदन यांत जवळजवळ तीन दशकांचे अंतर आहे. या स्त्रिया असत्य बोलत होत्या असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु एकच आठवण कुटुंबात वर्षानुवर्षे सांगितली गेली की तिला घाट येतो, हे मौखिक परंपरेच्या कोणत्याही अभ्यासकाला ठाऊक आहे.

बुल कुटुंब गेल्यावर घराची अवस्था पालटली. अनेक धर्मगुरूंनी बोर्लीचे पद नाकारले. अखेर ऑक्टोबर १९२८ मध्ये भारतातून आलेले रेव्हरंड गाय एरिक स्मिथ व त्यांच्या पत्नी मेबल हे तेथे राहावयास आले. वीज नाही, नळाचे पाणी नाही, खोल्या मोठ्या आणि थंड, उंदरांचा सुळसुळाट, अशा त्या घरात दोघांचेच बिऱ्हाड. कपाट साफ करताना मिसेस स्मिथ यांना तपकिरी कागदात गुंडाळलेली एका तरुण स्त्रीची कवटी सापडली. गावातील लोक रेक्टरीत येण्यास कचरत. या भीतीचा निकाल लावावा म्हणून स्मिथ दांपत्याने 'डेली मिरर' या वृत्तपत्राला पत्र लिहून अतींद्रिय संशोधन संस्थेशी गाठ घालून देण्याची विनंती केली. ही संस्था १८८२ साली लंडन येथे स्थापन झाली होती. त्या एका पत्राने बोर्लीचे भवितव्य बदलले.

६. वृत्तपत्र आणि संशोधक

'डेली मिरर'ने १० जून १९२९ पासून बोर्लीविषयी वार्तापत्रे छापण्यास प्रारंभ केला. वृत्तपत्राने संस्थेऐवजी हॅरी प्राइस यांना पाचारण केले आणि ते १२ जून रोजी बोर्लीत दाखल झाले. प्राइस (१८८१-१९४८) हे अतींद्रिय घटनांचे त्या काळातील सर्वांत प्रसिद्ध संशोधक. भोंदू माध्यमांचे पितळ उघडे पाडण्याचे काही उल्लेखनीय काम त्यांच्या नावावर आहे. १९२२ साली त्यांनी 'आत्म्यांची छायाचित्रे' काढणाऱ्या विल्यम होप यांची लबाडी उघड केली होती. त्याचबरोबर ते स्वतः कसबी जादूगार होते आणि प्रसिद्धीचे तंत्र त्यांना उत्तम अवगत होते.

प्राइस येताच बोर्लीतील घटनांचे स्वरूप बदलले. तोवर पावलांचे आवाज, घंटांचा नाद, आकृत्या असे प्रकार होते. आता दगड पडू लागले, फुलदाणी भिरकावली गेली, आरशाच्या चौकटीतून टकटक करून 'संदेश' येऊ लागले. मराठीत अशा प्रकारांना भानामती हा शब्द आहे. मात्र भानामतीमागे करणी करणारा माणूस कल्पिलेला असतो, तर पाश्चात्त्य 'पोल्टरगाइस्ट'मागे उपद्रवी आत्मा. प्राइस परतल्यावर हे प्रकार थांबले. त्यामुळे आपल्याला तेव्हाच त्यांचा संशय आला होता, असे मिसेस स्मिथ यांनी पुढे सांगितले. आणि घर झपाटलेले होते यावर आपला विश्वास नसल्याचे १९४९ साली जाहीरपणे लिहिले. भीतीचा निकाल लागण्याऐवजी बघ्यांच्या झुंडी मात्र रेक्टरीवर येऊ लागल्या. जुलै १९२९ मध्ये स्मिथ दांपत्याने घर सोडले.

ऑक्टोबर १९३० मध्ये बुल कुटुंबाचे नातलग रेव्हरंड लायनेल फॉयस्टर हे त्यांच्याहून वयाने बऱ्याच लहान असलेल्या पत्नी मारियान आणि दत्तक मुलगी ॲडलेड यांच्यासह तेथे आले. १९३५ पर्यंतच्या त्यांच्या वास्तव्यात सुमारे दोन हजार चमत्कारिक घटना घडल्याचा प्राइस यांचा अंदाज होता. भिंतींवर मारियानला उद्देशून पेन्सिलीने लिहिलेले मजकूर उमटले. साहाय्याची याचना आणि प्रकाश, मिस्सा व प्रार्थना यांची मागणी असे त्यांचे स्वरूप होते. १९३१ साली बोर्लीस भेट देऊन गेल्यावर प्राइस यांचा संशय मारियान यांच्यावरच होता. परंतु १९४० साली त्यांचे पुस्तक निघाले तेव्हा हा संशय मागे पडला आणि त्याच घटना भुताच्या पुरावा म्हणून वाचकांपुढे आल्या. एकाच साक्षीदाराने एकाच घटनेविषयी आधी एक आणि नंतर दुसरे सांगावे, ही गोष्ट साधनचिकित्सेच्या दृष्टीने अत्यंत गंभीर आहे.

७. पाहणी, प्लँचेट, आग आणि हाडे

फॉयस्टर गेल्यावर बोर्ली व शेजारचे लिस्टन यांचे धर्मकार्य एकाच रेक्टरकडे आले आणि बोर्लीची रेक्टरी ओस पडली. मे १९३७ मध्ये प्राइस यांनी ती वर्षभरासाठी भाड्याने घेतली. 'टाइम्स'मध्ये जाहिरात देऊन ४८ निरीक्षक निवडण्यात आले. त्यांत विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. त्यांच्यासाठी सूचनांची पुस्तिका छापण्यात आली. वरकरणी ही पद्धत शास्त्रीय वाटते. परंतु पूर्वी कोणत्या खोलीत काय घडले, याची माहितीही निरीक्षकांना आगाऊ देण्यात आली होती. काय दिसणे अपेक्षित आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला अंधारात, थंडीत, मध्यरात्री तेच दिसण्याचा संभव अधिक. त्यातूनही या निरीक्षकांच्या हाती लागलेले फलित फार तोकडे होते.

मार्च १९३८ मध्ये प्रमुख निरीक्षक सिडनी ग्लॅनव्हिल यांची कन्या हेलन हिने लंडनमधील स्ट्रेटम येथे प्लँचेट केले. त्यातून मेरी लेअर नावाच्या फ्रेंच जोगिणीचा वृत्तान्त निघाला. ती मठ सोडून वॉल्डग्रेव्ह घराण्यातील पुरुषाशी विवाह करण्यासाठी इंग्लंडला आली आणि १६६७ साली रेक्टरीच्या जागेवरील जुन्या घरात तिचा खून झाला, असा तो वृत्तान्त. दुसऱ्या एका 'आत्म्याने' २७ मार्च १९३८ च्या रात्री रेक्टरी जाळण्याची धमकी दिली. त्या रात्री काहीही घडले नाही. तथापि २७ फेब्रुवारी १९३९ रोजी घराचे नवे मालक कॅप्टन ग्रेगसन सामानाची खोकी सोडवीत असता तेलाचा दिवा कलंडला आणि घर जळाले. विमा कंपनीच्या मते ही आग हेतुपुरस्सर लावलेली होती. भूतकथेत मात्र अकरा महिने उशिरा लागलेली आग भविष्यवाणीची पूर्ती ठरली.

येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. ज्या १९३८ साली चौदाव्या शतकातील मठाची कथा निराधार ठरली, त्याच वर्षी सतराव्या शतकातील जोगिणीची नवी कथा पुढे आली. मठाची अडचण दूर झाली, घोडागाडीचा कालविपर्यास दूर झाला आणि चर्चमध्ये ज्यांचे स्मारक सर्वांच्या नजरेसमोर आहे त्या वॉल्डग्रेव्हांचे नाव कथेत आले. दंतकथेने जणू टीकाकारांचे आक्षेप ऐकून आपले रूप सुधारून घेतले.

पुढील पायरी उत्खननाची. कार्लाइलचे कॅनन फिदियन-ॲडम्स यांनी प्राइस यांचे पुस्तक वाचून, खून झालेल्या जोगिणीचे अवशेष तळघरात असावेत, असा तर्क मांडला. ऑगस्ट १९४३ मध्ये प्राइस यांनी तळघर खणले. तेथे जबड्याचे आणि कवटीचे हाड मिळाले. ती तरुण स्त्रीची हाडे असल्याचे प्राइस यांनी मानले आणि ख्रिस्ती विधीपूर्वक त्यांचे दफन करण्याचे ठरले. परंतु बोर्लीच्या ग्रामस्थांनी आपल्या गावी दफन होऊ देण्यास नकार दिला. ती हाडे डुकराची आहेत, असे गावातील मत होते. अखेर २९ मे १९४५ रोजी लिस्टन येथील चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले.

८. साधनांची चिकित्सा

वरील घटनाक्रम एकत्र ठेवून पाहिला असता पुराव्याची एक विलक्षण साखळी नजरेस येते. कुटुंबातील करमणुकीच्या कथेला वृत्तपत्राने बातमीचे रूप दिले. बातमीने संशोधक आणला. संशोधकाच्या नोंदींमधून प्लँचेटला विषय मिळाला. प्लँचेटमधून निघालेल्या वृत्तान्तावर एका विद्वान धर्मोपदेशकाने तर्क रचला. त्या तर्कावरून जमीन खणली गेली आणि जमिनीत मिळालेल्या हाडांनी मूळ कथेवर शिक्कामोर्तब केले. यातील प्रत्येक दुवा मागील दुव्यावर विसंबून आहे; एकही दुवा स्वतंत्र नाही. इतिहासात एकाच घटनेची दोन स्वतंत्र साधने परस्परांना पुष्टी देत असतील तर ती घटना विश्वसनीय ठरते. बोर्लीत साधने पुष्कळ दिसतात; परंतु ती एकाच झऱ्याचे पाणी निरनिराळ्या घागरींत भरल्यासारखी आहेत.

प्राइस यांच्या मृत्यूनंतर ही चिकित्सा पद्धतशीरपणे झाली. अतींद्रिय संशोधन संस्थेशी संबंधित असलेले एरिक डिंगवॉल, कॅथलिन गोल्डनी आणि ट्रेव्हर हॉल या तिघांनी प्राइस यांच्या कागदपत्रांची छाननी करून १९५६ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. उंदीर, वारा, चौकातील आवाजांचा घुमारा, गावकऱ्यांच्या खोड्या आणि काही प्रसंगी उघड लबाडी यांनी बहुतेक घटनांचा उलगडा होतो, असे त्यांनी दाखविले. प्राइस यांनी अनुकूल तपशील ठळक करून प्रतिकूल तपशील गाळले, असा त्यांचा प्रमुख आक्षेप होता. १९६९ साली रॉबर्ट हेस्टिंग्ज यांनी प्राइस यांच्या बाजूने सविस्तर उत्तर दिले. प्राइस यांनी स्वतः सारे रचले की घडणाऱ्या गोष्टींना मनाजोगे वळण दिले, याविषयी मतभेद संभवतात. परंतु भुताच्या अस्तित्वाचा स्वतंत्र पुरावा बोर्लीत नाही, याविषयी साधनचिकित्सेला संशय उरत नाही.

९. भूत का टिकले?

कथा निराधार ठरली म्हणून अभ्यासकाचे काम संपत नाही. अमान्य झालेली कथा लोकांना प्रिय का वाटली, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे.

याचे पहिले कारण धार्मिक स्मृतीत आहे. १५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीने इंग्लंडमधील मठ बरखास्त केले. त्यानंतर अँग्लिकन चर्चने शोधनस्थानाची, म्हणजे मृत्यूनंतर आत्म्याला शुद्धीसाठी वास करावा लागतो त्या स्थानाची, कल्पना नाकारली. मृतांसाठी मिस्सा अर्पण करण्याची प्रथा बंद झाली. आत्मे थेट स्वर्गात किंवा नरकात जात असतील तर भूत परत येणार कोठून? प्रॉटेस्टंट मतात भुताला जागाच उरली नाही. परंतु लोकमानसातून ते गेले नाही. इंग्लंडभर ओसाड मठांच्या परिसरात संन्यासी आणि जोगिणी यांची भुते दिसत राहिली. बोर्लीच्या भिंतीवरील मजकुरातील मिस्सा व प्रार्थना यांची मागणी या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ते मजकूर कोणत्याही हाताने लिहिलेले असोत; अँग्लिकन धर्मगुरूच्या घरात कॅथलिक विधीची याचना करणारा आत्मा, ही कल्पना ज्या समाजाला सहज सुचते त्या समाजाने आपला जुना धर्म पुरता विसरलेला नसतो.

दुसरे कारण आर्थिक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ग्रामीण धर्मगुरूचे उत्पन्न भरपूर होते आणि रेक्टरी हे प्रतिष्ठेचे घर होते. १८७० नंतरच्या शेतीमंदीने जमिनीवर अवलंबून असलेले हे उत्पन्न घटले. नोकरचाकर परवडेनासे झाले. मोठ्या कुटुंबासाठी बांधलेली घरे लहान कुटुंबांना भार झाली. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अशा अनेक रेक्टरी विकल्या गेल्या. झपाटलेली रेक्टरी हे एका अर्थी मोडकळीस आलेल्या सामाजिक व्यवस्थेचेच चित्र होते.

तिसरे कारण युद्धाचे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील असंख्य घरांतील तरुण मारले गेले. मृतांशी संपर्क साधण्याची ओढ त्यातून वाढली आणि प्लँचेट व माध्यमे यांचे प्रस्थ माजले. बोर्लीविषयीचे प्राइस यांचे पहिले पुस्तक १९४० साली, दुसरे १९४६ साली प्रसिद्ध झाले. बाँबवर्षावाच्या छायेत वावरणाऱ्या वाचकाला मृत्यूनंतरही काही उरते असे सांगणारे पुस्तक का वाचावेसे वाटले, हे समजणे कठीण नाही.

या साऱ्या प्रकरणात स्त्रियांच्या वाट्याला आलेली भूमिकाही दुर्लक्षून चालणार नाही. कथेतील बळी स्त्री. आकृती पाहणाऱ्या स्त्रिया. प्लँचेट करणारी स्त्री. आणि लबाडीचा संशय घेतला गेला तीही मुख्यत्वे स्त्रीच. एकाकी, थंड घरात वृद्ध व आजारी पतीची शुश्रूषा करणाऱ्या मारियान फॉयस्टर यांच्या जीवनाविषयी भूतसंशोधकांनी पुष्कळ लिहिले. परंतु त्या जीवनातील कोंडी समजून घेण्याचा प्रयत्न फार थोड्यांनी केला.

राहता राहिले ग्रामस्थ. भुताची कीर्ती वाढली तसा त्यांचा आवाज क्षीण होत गेला. रेक्टरी पाडल्यावर भुताचा वावर चर्चमध्ये असल्याच्या वार्ता येऊ लागल्या आणि रात्री-अपरात्री येणाऱ्या जिज्ञासूंचा उपद्रव गावाला सोसावा लागला. हाडे डुकराची आहेत असे म्हणणाऱ्या ग्रामस्थांचे मत पुस्तकांच्या तळटीपेत गेले आणि जोगिणीचे दफन मुख्य मजकुरात राहिले. ज्यांचे गाव, त्यांनाच त्या गावाच्या कथेत स्थान उरले नाही.

१०. निष्कर्ष

१) बोर्लीच्या जोगिणीच्या दंतकथेला मध्ययुगीन कागदपत्रांचा आधार नाही. तिचे घटक एकोणिसाव्या शतकातील साहित्यात आढळतात.
२) १९२९ नंतर वृत्तपत्र, संशोधक, प्लँचेट आणि उत्खनन यांनी या कथेला पुराव्याचे बाह्य रूप दिले, परंतु हे पुरावे परस्परांवर अवलंबून असल्याने त्यांना स्वतंत्र साक्षीचे मोल नाही.
३) आक्षेप येताच दंतकथा स्वतःत बदल करून घेते. १३६२ ची जोगीण १६६७ ची झाली, हे त्याचे उत्तम उदाहरण होय.
४) घटना म्हणून असत्य असलेली कथाही सामाजिक साधन म्हणून मूल्यवान असते. धर्मांतराची स्मृती, ग्रामीण धर्मव्यवस्थेचा ऱ्हास आणि युद्धकालीन शोक यांचे प्रतिबिंब बोर्लीच्या कथेत पडले आहे.
५) प्रसिद्ध दंतकथा गावाच्या अस्सल इतिहासाला झाकोळून टाकते. १३०८ च्या नोंदीतील वेठ करणारी कुळे विस्मृतीत गेली आणि कधीही अस्तित्वात नसलेली जोगीण अमर झाली.

स्थानिक इतिहासाचे अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकांपुढे दंतकथांचा प्रश्न नेहमीच उभा राहतो. विद्यार्थी गावोगाव जाऊन माहिती जमवितात आणि ती आख्यायिकांनी भरलेली असते. ती सरसकट नाकारणे अथवा सरसकट स्वीकारणे, हे दोन्ही मार्ग सोपे आणि दोन्ही अपुरे आहेत. ही कथा प्रथम कोणी सांगितली, केव्हा लिहिली गेली, तिच्यामुळे कोणाचा लाभ झाला आणि तिच्या गलबल्यात कोणाचा आवाज हरवला, हे चार प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे हा तिसरा मार्ग आहे. बोर्लीच्या भूतकथेला हे प्रश्न विचारले असता भूत नाहीसे होते. परंतु त्याच्या जागी जिवंत माणसे दिसू लागतात. इतिहासाच्या अभ्यासकाला अखेर त्यांचीच भेट घ्यावयाची असते.